अकरा स्टोनचा घोडा जिंकत नाही म्हणे! ग्रँड नॅशनलच्या 'सात अचूक नियमां'ना उत्तर

मार्च संपत आला की इंग्लंडातल्या आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. 'ग्रँड नॅशनल जिंकणारा घोडा ओळखण्याचे सात अचूक नियम. अभ्यासपूर्ण माहिती, जरूर पुढे पाठवा.' यंदा तो मला सहा वेळा आला, त्यातला एक थेट पुण्याहून, आतेभावाकडून.

ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी त्याचा सारांश देतो. अकरा स्टोनपेक्षा (साधारण सत्तर किलो) जास्त वजन घेऊन पळणारा घोडा जिंकत नाही, तो खोडून टाका. वय नऊ ते अकराच हवं. फेव्हरिट, म्हणजे सगळ्यांत कमी भावाचा, लोकांचा आवडता घोडा, कधी येत नाही. घोडा आयर्लंडचाच घ्या. आधी लांब पल्ल्याची स्टीपलचेस (मोठ्या अडथळ्यांची शर्यत) जिंकलेला हवा. एक ते दहा नंबरांचे आणि पांढरे घोडे टाळा. आणि शेवटचा नियम: उरलेल्यांतले चार घोडे जानेवारीतच 'इच-वे' (जिंकण्यावर आणि पहिल्या काहींत येण्यावर, दोन्ही) लावून ठेवा, म्हणजे नुकसान होऊच शकत नाही.

हे शेवटचं वाक्य वाचून मी लिहायला बसलो. बाकीचे सहा नियम चुकले तर फार तर वाद होईल. सातव्याने आमच्यातल्या एका मुलाचे पैसे गेलेले मी पाहिले आहेत. त्याच्याकडे शेवटी येतो.

शर्यत कुठली, तेही सांगतो. लिव्हरपूलला लागून असलेल्या एन्ट्रीच्या रेसकोर्सवर १८३९ पासून एप्रिलच्या सुमारास ही अडथळ्यांची शर्यत होते. अंतर जवळजवळ सात किलोमीटर, उड्या तीस, घोडे जास्तीत जास्त चौतीस. २०२३ पर्यंत चाळीस असायचे. महालक्ष्मीला इंडियन डर्बी २४०० मीटरची असते, तीही सपाट मैदानावर, त्यावरून अंदाज येईल. एन्ट्रीच्या 'चेअर' नावाच्या अडथळ्याशेजारी मी एकदा उभा राहिलो आहे. उंची पाच फूट दोन इंच, म्हणजे बरोबर माझ्या आईएवढी, आणि त्या अडथळ्याच्याही अलीकडे खंदक. अर्धा टन वजनाचं जनावर पाठीवर माणूस घेऊन ते ओलांडतं, आणि आजूबाजूला तीसेक जनावरं तेच करत असतात. अशा शर्यतीचं भाकीत सात ओळींत बसवता येतं असं म्हणणाऱ्याने ती जागा एकदा पाहून यावी.

आता वजनाचा नियम. यावर मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यांत जास्त लोक यावर विश्वास ठेवतात आणि एके काळी तो खरा वाटावा अशीच परिस्थिती होती.

नॅशनल ही हँडिकॅप शर्यत आहे. घोडा जितका चांगला, तितकं त्याच्यावर वजन जास्त. जॉकी हलका पडला तर खोगिराखालच्या कापडात शिशाचे तुकडे घालून ते भरून काढतात. एक स्टोन म्हणजे वजनाचे चौदा पौंड, सव्वासहा किलोहून थोडं जास्त. अकरा स्टोन म्हणजे सत्तर किलोला थोडं कमी. १९८३ मध्ये कॉर्बियर अकरा स्टोन चार पौंड घेऊन जिंकला. त्यानंतर अकरा स्टोनच्या वर वजन घेऊन जिंकणारा घोडा यायला थेट २००५ उजाडलं, तो हेजहंटर. मध्ये दोन दशकं गेली. कुणालाही वाटेल की हा निसर्गनियमच आहे.

पण त्या काळात मैदानात उतरणाऱ्या घोड्यांत अकरा स्टोनच्या वरचे होते किती? मूठभर. बहुतेक सगळे दहा स्टोन आणि वर काही पौंड अशा वजनाचे. मग जिंकणारे कुठून येणार? पुण्यात दहावीला पहिल्या आलेल्या मुलांची यादी काढून 'मराठी आडनावाची मुलंच पहिली येतात' म्हणण्यासारखं झालं हे. वर्गात कोण कोण बसलं होतं ते मोजलंच नाही. या मेसेजमधल्या जवळपास प्रत्येक नियमात हीच खोट आहे. जिंकलेल्यांची यादी समोर ठेवली, हरलेल्यांची कुणी उघडलीही नाही.

आणि पुढे तर परिस्थितीच पालटली. वजनं ठरवणाऱ्या हँडिकॅपरने वरच्या घोड्यांवरचा भार थोडा सैल केला, म्हणजे चांगले घोडे नॅशनलला यावेत. खालची पात्रताही चढत गेली. २०२४ पासून १३० च्या खाली रेटिंग (घोड्याच्या दर्जाचा अधिकृत आकडा) असलेल्या घोड्याला प्रवेशच नाही. त्यामुळे सगळ्यांत चांगला आणि सगळ्यांत कच्चा यांच्यातलं अंतर आटलं. परिणाम पाहा. २०१० चा डोन्ट पुश इट अकरा स्टोन पाच पौंड, २०१२ चा नेपच्यून कोलाँज अकरा-सहा, २०१५ चा मेनी क्लाउड्स अकरा-नऊ, २०१९ चा टायगर रोल अकरा-पाच, २०२४ चा आय अ‍ॅम मॅक्सिमस अकरा-सहा, २०२५ चा निक रॉकेट अकरा-आठ. त्या २०२५ च्या शर्यतीत दुसरा आलेला आय अ‍ॅम मॅक्सिमस तर अकरा-बारा घेऊन पळाला, मैदानातलं सगळ्यांत जास्त वजन. मेसेजच्या पहिल्या नियमाने पहिले दोन्ही घोडे खोडले असते. आणि रेड रम १९७४ मध्ये बारा स्टोन घेऊन जिंकला होता, हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं.

वजनाशी जोडलेलाच नंबरांचा नियम आहे, म्हणून तो इथेच उरकतो. नॅशनलमध्ये घोड्याचा नंबर वजनाच्या क्रमाने लागतो. सगळ्यांत जड तो एक नंबर. म्हणजे 'एक ते दहा टाळा' हा वेगळा नियमच नाही, पहिलाच नियम दुसऱ्या वेषात आला आहे. आपल्याकडे महालक्ष्मीला किंवा पुण्याला रेस पाहिलेली माणसं 'ड्रॉ' बघतात, कुठल्या गेटातून घोडा सुटतो ते. सपाट शर्यतीत त्याला अर्थ असतो. इथे गेटच नसतात, घोडे एका दोरीमागे उभे राहतात. ती सवय इथे उपयोगाची नाही. पांढऱ्या घोड्यांचं म्हणाल तर ते एकूणच थोडे पळतात, म्हणून थोडे जिंकतात. द लँब दोनदा जिंकला, १८६८ आणि १८७१ मध्ये. मग १९६१ चा निकोलस सिल्व्हर, आणि २०१२ चा नेपच्यून कोलाँज. रंगाने कुणाचा पाय अडत नाही.

वयाचा नियम मात्र सरळसरळ शिळा आहे. २०१५ ते २०२५ या काळात दहा शर्यती झाल्या (२०२० ची कोविडमुळे रद्द). जिंकणाऱ्यांची वयं क्रमाने अशी: आठ, नऊ, आठ, आठ, नऊ, आठ, सात, नऊ, आठ, आठ. नऊ ते अकराच्या चाळणीतून यातले फक्त तीन खाली पडतात. दहा विजेत्यांपैकी सात घोडे हा मेसेज तुम्हाला लावूच देत नाही! २०२२ चा नोबल येट्स सात वर्षांचा होता. त्याच्याआधी सात वर्षांचा घोडा जिंकला होता १९४० मध्ये, बोगस्कार. म्हणजे ऐंशी वर्षं टिकलेला 'नियम' एका दुपारी मोडला, आणि तोही ५०/१ भावाच्या घोड्याने, म्हणजे एका पौंडाला पन्नास देणाऱ्या.

असं का झालं याचं कारण मला मैदानातच दिसतं. २०१२ मध्ये दोन घोडे दगावले, त्यानंतर अडथळ्यांच्या आतला लाकडी गाभा काढून लवचीक प्लास्टिकचा बसवला. घोडा थोडा खाली आदळला तरी आता तो बऱ्याचदा निभावून जातो. २०२४ ला सुरुवातही बदलली: घोडे कमी, पहिला अडथळा सुरुवातीच्या जवळ आणला, म्हणजे तिथे पोचेपर्यंत वेग कमी. जुन्या नॅशनलमध्ये वर्षानुवर्षं घासलेला, सावध, म्हातारपणाकडे झुकलेला घोडा तग धरायचा. आताच्या नॅशनलमध्ये वेग आणि दर्जा असलेला तरुण घोडा पुढे जातो. शर्यतीचं नाव तेच राहिलं, शर्यत ती राहिली नाही. मग १९८० आणि ९० च्या दशकांतली आकडेवारी आजच्या घोड्यांना कशी लावायची?

इथे एक सावधगिरी मला स्वतःलाही पाळावी लागते. वरचे आकडे वाचून कुणी 'मग आठ वर्षांचेच घोडे घेऊ' म्हणेल, तर तीच चूक नव्याने होईल. दरवर्षी आठ वर्षांचे कितीतरी घोडे उतरतात आणि त्यातला फार तर एक सोडून बाकीचे सगळे हरतात.

फेव्हरिट कधी येत नाही? २००५ हेजहंटर, २००८ कम्प्लाय ऑर डाय, २०१० डोन्ट पुश इट, २०१९ टायगर रोल, २०२३ कोराक रँबलर, २०२४ आय अ‍ॅम मॅक्सिमस. हे सगळे फेव्हरिट किंवा बरोबरीचे फेव्हरिट. २००५ ते २०२५ च्या वीस शर्यतींत सहा. लोकांना मात्र १००/१ वालेच आठवतात, २००९ चा मॉन मोम किंवा १९६७ चा फॉइनेव्हन, कारण त्यांच्या गोष्टी होतात. फेव्हरिट जिंकला की त्याची गोष्ट होत नाही.

माझे वडील महालक्ष्मीला जायचे. घरी रेसबुक उघडून बसायचे, आणि बुकीच्या फळ्यावरचा भाव बघण्याआधी प्रत्येक घोड्यापुढे पेन्सिलने स्वतःचा भाव लिहायचे: याला पाच मिळाले तर घेईन, याला बारा. मैदानात गेल्यावर फळ्यावर त्याहून कमी भाव असला, तर घोडा कितीही आवडता असो, हात खिशातच. कित्येक रविवार ते एकही पैसा न लावता परत आले, आणि आई त्यावर खूश असायची. त्यांच्या त्या पेन्सिलीत जो विचार होता तो या सात नियमांत कुठेच नाही. हा मेसेज फक्त 'कोण जिंकेल' एवढंच विचारतो. 'किती भावाला' हा प्रश्न त्याला पडतच नाही.

आयर्लंडचा नियम घ्या, म्हणजे हे नीट दिसेल. यात तथ्य आहे, ते मी मोकळेपणाने मान्य करतो. २०१८ पासून २०२५ पर्यंतच्या सात शर्यतींपैकी सहा आयर्लंडमध्ये तयार झालेल्या घोड्यांनी जिंकल्या. अपवाद २०२३ चा कोराक रँबलर, स्कॉटलंडमधला. २०२५ ला पहिले तिन्ही घोडे विली मुलिन्स या एकाच आयरिश ट्रेनरचे होते आणि पहिल्यावर त्याचाच मुलगा पॅट्रिक होता, तोही हौशी जॉकी म्हणून. पण ही बातमी तुम्हाला आहे तशी बुकीलाही आहे. भाव उतरतो तो त्यामुळेच. सगळ्या जगाला माहीत असलेल्या गोष्टीचे जास्तीचे पैसे कुणी देत नाही. शिवाय मैदानात आयरिश घोडे असतातही पुष्कळ, मुंबईच्या लोकलमध्ये मराठी माणसं असतात तसे.

आणि हाच नियम १९९८ मध्ये उलटा होता. १९७५ ला लेस्कार्गो जिंकला, त्यानंतर तेवीस वर्षं आयर्लंडहून आलेला एकही घोडा जिंकला नाही. तेव्हाच्या शहाण्यांनी लिहिलं असतं, 'आयरिश घोडा टाळा'. पुढच्याच वर्षी बॉबीजो आला, त्याच्या पुढच्या वर्षी पॅपिलाँ. आजचा नियम किती वर्षांचा आहे ते मोजा आणि मग तेवीसशी ताडून पाहा.

'आधी लांब पल्ल्याची स्टीपलचेस जिंकलेला हवा' हे ऐकायला पटतं. दम लागतोच, तीन मैलांनंतर ज्याचे पाय जड होतात त्याला शेवटचं सव्वा मैल अंतर खाऊन टाकतं. पण नियम म्हणून? २०१६ चा विजेता रूल द वर्ल्ड नॅशनलच्या दिवसापर्यंत एकही स्टीपलचेस जिंकलेला नव्हता. ओटीपोटाचं हाड दोनदा मोडून बरा झालेला घोडा तो. त्याच्यावरचा डेव्हिड मुलिन्स एकोणीस वर्षांचा होता. दुसऱ्या टोकाला ए. पी. मॅकॉय, त्याच्याइतका यशस्वी अडथळ्यांचा जॉकी ब्रिटनने पाहिलेला नाही. त्याला नॅशनल जिंकायला पंधरावा प्रयत्न लागला. आणि बाई नॅशनल जिंकू शकत नाही असंही लोक म्हणत आले होते. २०२१ ला रेचल ब्लॅकमोर मिनेला टाइम्सवर बसून जिंकली. रिकाम्या स्टँडसमोर, कारण कोविडमुळे प्रेक्षकच नव्हते. तो दिवस आठवला की मला अजून भरून येतं.

फॉइनेव्हनचं नाव वर आलं, तर तेही सांगून टाकतो, कारण सगळ्या नियमांना खरं उत्तर तिथे आहे. १९६७. दुसऱ्या फेरीतला तेविसावा अडथळा, नॅशनलमधल्या सगळ्यांत लहानांपैकी एक. जॉकी पडलेला एक मोकळा घोडा, पॉपम डाउन, अडथळ्यापाशी अचानक आडवा धावला. पुढचे घोडे थबकले, मागचे त्यांच्यावर आदळले, जॉकी उडाले, काही घोडे उलटे वळले. फॉइनेव्हन बराच मागे होता, म्हणून त्याच्या जॉकीला, जॉन बकिंगहॅमला, वाट शोधायला वेळ मिळाला. तो त्या गर्दीतून निघाला, एकटाच पलीकडे उतरला आणि जिंकला. त्या अडथळ्याला आज त्याचंच नाव आहे. त्या दिवशी पुढे असलेल्या घोड्यांमागचा सगळा अभ्यास बरोबर असूनही वाया गेला. पाठीवर जॉकी नसलेला घोडा कुठे वळेल हे कुठल्या रेसबुकात लिहिलेलं नसतं.

आता सातवा नियम.

'इच-वे' म्हणजे आपल्याकडचं विन आणि प्लेस, दोन्ही एकत्र. इथे नवख्याची पहिली चूक होते. 'पाच पौंड इच-वे' म्हणजे पाच पौंड नव्हेत, दहा. पाच जिंकण्यावर, पाच पहिल्या चार-पाच-सहांत येण्यावर. किती जागा ते त्या बेटिंगच्या दुकानावर अवलंबून. आणि प्लेसचा भाव पूर्ण मिळत नाही, त्याचा चौथा किंवा पाचवा हिस्सा मिळतो.

मेसेज सांगतो तसे चार घोडे लावू. पाच पौंड इच-वे प्रत्येकी, म्हणजे खिशातून चाळीस गेले. समजा त्यातला एक, १०/१ भावाचा, चौथा आला. जिंकण्याचे पाच बुडाले. प्लेसला दहाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २/१. पाचाचे दहा, अधिक मूळचे पाच, पंधरा हातात. चाळीस घालून पंधरा. दोन घोडे असे आले तरी तीस, अजून दहा कमीच. ३३/१ भावाचा एक घोडा प्लेसला आला तर? तेहतीस अधिक पाच, अडतीस. टाळ्या वाजवाल, आणि दोन पौंड हरलेले असाल. चारपैकी एक जिंकला आणि त्याचा भाव फार कमी नसला, तर फायदा आहे. पण तो जिंकणार हे गृहीत धरूनच 'नुकसान अशक्य' म्हटलं जातंय, आणि तीच तर शर्यत आहे.

बुकीचा हिस्सा याआधीच कापलेला असतो. समजा दोनच घोडे आहेत, अगदी सारखे, आणि बुकी दोघांनाही ४/५ भाव देतो, म्हणजे पाच लावले तर वर चार. दोघांवर पाच-पाच लावले तर दहा गेले. कुणीही जिंको, परत येणार नऊ. चौतीस घोड्यांत हीच कात्री प्रत्येक भावात थोडीथोडी लपलेली असते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. जितके जास्त घोडे लावाल तितक्या वेळा ती तुम्हाला लागते.

'जानेवारीतच लावा' हा सल्ला तर मला रागच आणतो. तेव्हा वजनंसुद्धा जाहीर झालेली नसतात, ती फेब्रुवारीत होतात. ज्यांची नावं नोंदवलेली असतात ते चौतीसच्या दुपटीहून जास्त. तुमचा घोडा लंगडला, दुसऱ्या शर्यतीला गेला, रेटिंग कमी पडून यादीत आलाच नाही, तर तो न पळताही तुमचे पैसे जातात. 'घोडा पळाला नाही तर पैसे परत' अशी अट ज्या दुकानात असते तिथेच ते वाचतात, आणि ती अट आहे की नाही हे आधी विचारावं लागतं. मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही.

तो मुलगा नाशिकचा. काही वर्षांपूर्वी इथे नोकरीला आला, पहिलाच एप्रिल. ग्रुपवरचा मेसेज मोठ्या माणसांनी पाठवलेला, त्यामुळे खोटा कशाला असेल? त्याने चार घोडे निवडले, पंचवीस पौंड इच-वे. त्याला वाटलं शंभर गेले. गेले होते दोनशे. एक घोडा प्लेसला आला, १०/१ चा. आमच्या घरी टीव्हीसमोर तो सोफ्यावरून उठून नाचला. मग फोनवर पंचाहत्तर पौंड जमा झालेले दिसले आणि तो बराच वेळ तो आकडा बघत राहिला. त्याने मला विचारलं, "दादा, घोडा तर आला ना?" मी कागदावर हिशोब मांडून दाखवला. एकशे पंचवीस गेले होते. त्या महिन्याचं घरभाडं त्याने मित्राकडून उसने घेऊन भरलं, हे मला पुढे जूनमध्ये कळलं.

शर्यत बघू नका असं मी म्हणत नाही. मी दरवर्षी बघतो. ऑफिसात एक पौंड टाकून डब्यातून चिठ्ठी काढतो, त्या घोड्याच्या नावाने ओरडतो. दुकानात कधी लावलेच तर वडिलांसारखा आधी स्वतःचा भाव लिहितो, आणि जेवढे गेले तर घरी सांगता येईल तेवढेच लावतो. पाऊस पडून जमीन मऊ झाली आहे का, हा घोडा मऊ जमिनीवर आधी पळाला आहे का, शेवटच्या दोन-तीन शर्यतींत उड्या कशा घेतल्या, एवढं शर्यतीच्या आदल्या रात्री बघतो. त्यानेही बहुतेक वर्षी हरतोच.

ज्यांनी तो मेसेज पाठवला त्यांच्यावर माझा राग नाही. बहुतेकांनी आनंदानेच पाठवला असणार. एकच मागणं आहे. पुढे पाठवणारच असाल तर आधी सातवा नियम खोडा, आणि त्या जागी एवढं लिहा: पाच पौंड इच-वे म्हणजे दहा पौंड.